संस्कार, रस आणि स्वतःचे सुखदुःख

वर्ष सरताना किंवा वाढदिवसाच्या दिवशी माणूस आपल्या आयुष्याचा हिशेब मांडतो, तेव्हा त्यात दोन प्रकारच्या नोंदी शेजारीशेजारी येतात. एका बाजूला विवाह, अपत्यजन्म, सेवानिवृत्ती, आईवडिलांचे निधन असे प्रसंग असतात आणि दुसऱ्या बाजूला त्याच काळात वाचलेली कादंबरी, पाहिलेला चित्रपट किंवा पुन्हापुन्हा ऐकलेले एखादे पद असते. पहिल्या नोंदी आयुष्याच्या आणि दुसऱ्या फावल्या वेळाच्या, अशी विभागणी बहुतेकांच्या मनात न बोलता झालेली असते. पहिल्यांचा विचार धर्मशास्त्राने केला आणि दुसऱ्यांचा काव्यशास्त्राने, असे म्हणून तिला शास्त्राचा आधारही देता येतो. परंतु भारतीय विचारपरंपरेत या दोन्ही नोंदींच्या मुळाशी एकच शब्द आहे आणि तो नीट उलगडला, तर ही विभागणी वरवरची ठरते. तो शब्द म्हणजे ‘संस्कार’.

धर्मशास्त्रात संस्कार म्हणजे गर्भाधानापासून अंत्येष्टीपर्यंतच्या टप्प्यांवर करावयाचे विधी होत. त्यांची संख्या सर्वत्र एक नाही; गौतमधर्मसूत्र पाकयज्ञ आणि सोमयाग धरून चाळीस संस्कार मोजते, तर पुढच्या काळात सोळा ही संख्या रूढ झाली. दर्शनांत मात्र हाच शब्द वेगळ्या अर्थाने येतो. वैशेषिकांनी संस्काराचे तीन प्रकार सांगितले: गतिमान वस्तूतील वेग, वाकवलेली फांदी पुन्हा मूळ जागी आणणारा स्थितिस्थापक आणि भावना. यांतील भावना म्हणजे अनुभव संपल्यानंतरही आत्म्यात उरणारी आणि पुढे स्मरणाला कारण होणारी खूण. काव्यशास्त्रज्ञ जिला ‘वासना’ म्हणतात ती याच जातीची आहे. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांच्या कार्यात हे दोन्ही प्रदेश एकत्र आले, ही गोष्ट येथे आठवते. १९३० ते १९६२ या काळात पाच खंडांत निघालेल्या त्यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासात संस्कारांचा विस्तृत विचार आहे, आणि ‘साहित्यदर्पणा’च्या आपल्या आवृत्तीच्या निमित्ताने संस्कृत काव्यशास्त्राचा इतिहासही त्यांनीच लिहिला. १९६३ मध्ये भारतरत्न मिळालेल्या या पंडिताची पहिली कीर्ती इतकी मोठी आहे की दुसरी तिच्या सावलीत राहिली. तरी विधी आणि काव्य या दोन्हींची इतकी सखोल जाण एकाच अभ्यासकाकडे असावी, यात विषयांचे आंतरिक नातेही दिसते.

ते नाते ‘योग्यता’ या शब्दात सापडते. मीमांसासूत्रांचा भाष्यकार शबर संस्काराची व्याख्या करताना सांगतो की जो घडल्यामुळे एखादा पदार्थ विशिष्ट प्रयोजनासाठी योग्य होतो तो संस्कार. यज्ञातील व्रीही म्हणजे भात कांडला, की त्याच्यावर संस्कार झाला, कारण आता तो पुरोडाशाला, म्हणजे आहुतीच्या भाकरीसारख्या पिंडाला, योग्य झाला. माणसाच्या बाबतीतही विधी घटनेची नुसती नोंद करीत नाही, तर पुढच्या अवस्थेचे ओझे उचलण्याची पात्रता निर्माण करतो, असा यामागचा विश्वास आहे. आता दहाव्या-अकराव्या शतकांच्या संधिकाळात काश्मीरमध्ये होऊन गेलेल्या अभिनवगुप्ताने ‘ध्वन्यालोका’वरील आपल्या ‘लोचन’ टीकेत केलेली सहृदयाची, म्हणजे खऱ्या रसिकाची, व्याख्या पाहावी. काव्याच्या सततच्या परिशीलनाने ज्यांच्या मनाचा आरसा स्वच्छ झाला आहे आणि त्यामुळे वर्णिलेल्या विषयाशी तन्मय होण्याची योग्यता ज्यांच्या ठिकाणी आली आहे ते सहृदय, असे तो म्हणतो. शब्द तोच आहे आणि प्रक्रियाही तीच आहे: पुनःपुन्हा होणाऱ्या क्रियेने काहीतरी घासले जाते, स्वच्छ होते आणि पूर्वी जे पेलता आले नसते ते पेलण्यास सिद्ध होते. वाचन, श्रवण आणि प्रेक्षण हेही अशा रीतीने संस्कारच ठरतात.

या निष्कर्षावर धर्माच्या बाजूने येणारा आक्षेप जुना आणि गंभीर आहे. काव्याच्या गप्पांपासून दूर राहावे असे एक स्मृतिवचन संस्कृत टीकाकारांना छळत होते; मल्लिनाथाला रघुवंशावरील टीकेच्या आरंभीच, हा निषेध केवळ असत्काव्याला लागू आहे, असा खुलासा करावा लागला. आजही सुतकाच्या दिवसांत अनेक मराठी घरांतील दूरचित्रवाणी बंद असते, गाणी लावली जात नाहीत, आणि त्या मौनाचा अनादर करण्याचे कारण नाही, कारण त्यात मृताविषयीची लाज आणि माया दोन्ही आहेत. आक्षेपाचा गाभा असा की ज्याच्या आयुष्यात खरोखर काही घडले आहे त्याने कल्पिताकडे वळणे म्हणजे घडलेल्याकडे पाठ फिरवणे होय. आश्चर्य वाटावे अशी गोष्ट म्हणजे रससिद्धांताने, म्हणजे काव्यनाट्याच्या आस्वादाच्या विचाराने, हा आक्षेप बाहेर ठेवला नाही, आपल्या पोटात घेतला. नाट्यशास्त्रावरील ‘अभिनवभारती’ या टीकेत अभिनवगुप्ताने रसास्वादाच्या आड येणारी सात विघ्ने सांगितली आहेत आणि त्यांतील एकाचे नाव ‘निजसुखादिविवशीभाव’ असे आहे, म्हणजे स्वतःच्याच सुखाने किंवा दुःखाने विवश होऊन जाणे. ज्याच्या घरी कालच मूल जन्मले आहे, किंवा ज्याच्या घरातून कालच कोणी गेले आहे, त्याचे चित्त दुसऱ्या कोणत्या वस्तूवर विसावणार, असा हा प्रश्न आहे.

येथे एक पेच उभा राहतो. वासनेवाचून रस नाही. ज्याने कधी वियोग जाणला नाही त्याला विप्रलंभ, म्हणजे विरहातील शृंगार, कळणार नाही. परंतु जो या क्षणी वियोगात बुडालेला आहे त्यालाही तो चाखता येणार नाही. आयुष्यातील प्रसंग हे रसाचे बीज आहेत आणि तेच त्याचे विघ्नही आहेत.

या पेचाचे सर्वांत सखोल चित्रण कोणत्याही शास्त्रग्रंथापेक्षा एका नाटकात झाले आहे. विदर्भातील पद्मपूरच्या भवभूतीने आठव्या शतकात रचलेल्या ‘उत्तररामचरिता’च्या पहिल्या अंकात राम आणि गर्भवती सीता भिंतीवर रंगवलेली चित्रे पाहत आहेत. राज्याभिषेकासाठी आलेला जनक परत गेल्याने सीता उदास आहे, तिचे मन रमावे म्हणून लक्ष्मण ही चित्रे दाखवतो, आणि चित्रांचा विषय आहे या तिघांचेच आयुष्य: मिथिलेतील विवाह, वनवास, पंचवटी, सीतेच्या अग्निशुद्धीपर्यंतचे सारे. विवाहाच्या चित्रापुढे ते दिवस पुन्हा जगत असल्यासारखा राम बोलू लागतो. शूर्पणखेचे चित्र येताच सीता भयाने ओरडते, आणि वियोगाला भ्यालेल्या पत्नीला राम समजावतो की हे चित्र आहे. पुढे सातव्या अंकात, गंगेच्या काठी, वाल्मीकीने रचलेले नाटक अप्सरा सादर करतात आणि प्रेक्षकांत स्वतः राम बसलेला असतो. रंगभूमीवर टाकलेली, एकटी, प्रसूतीच्या वेदनांत असलेली सीता दिसते. राम उठू पाहतो, तिला हाक मारतो, आणि हे नाटक आहे याची आठवण त्याला लक्ष्मणाने करून द्यावी लागते. पहिल्या अंकात जो दुसऱ्याला ‘हे चित्र आहे’ असे सांगू शकला, त्यालाच शेवटच्या अंकात ‘हे नाटक आहे’ असे दुसऱ्याने सांगावे लागते. या दोन प्रसंगांच्या मधल्या बारा वर्षांत काय घडले आहे ते प्रेक्षकाला ठाऊक आहे, आणि म्हणूनच ही पुनरुक्ती काळजाला भिडते. निजदुःखाने विवश झालेला प्रेक्षक कसा असतो, हे अभिनवगुप्ताच्या कितीतरी आधी भवभूतीने रंगमंचावर बसवून दाखवले होते.

रसशास्त्राच्या काटेकोर मापाने राम हा अपयशी प्रेक्षक म्हणावा लागेल. परंतु तेथेच थांबणे हा भवभूतीवर अन्याय होईल. ते गर्भनाटक, म्हणजे नाटकाच्या पोटातील नाटक, केवळ रामासाठी नाही. ज्या प्रजाजनांच्या बोलण्यामुळे सीतेचा त्याग झाला तेही ते पाहत आहेत. जे त्यांनी कुजबुजीत ऐकले होते ते आता सर्वांच्या देखत, एका स्त्रीच्या दुःखाच्या रूपात, त्यांच्यापुढे येते. राम मूर्च्छित पडल्यावर अरुंधती खऱ्या सीतेला घेऊन येते, नगरजनांना जाब विचारते आणि ते सीतेपुढे नतमस्तक होतात. सीतेला समाजात पुन्हा प्रतिष्ठित करण्याचे काम अग्निशुद्धीच्या विधीलाही साधले नव्हते, ते एका नाट्यप्रयोगाने साधले. वाल्मीकीच्या रामायणाचा शेवट बदलण्याचे धाडस भवभूतीने केले ते याच ठिकाणी, आणि कलाकृती संस्काराचे काम करू शकते यावर त्याचा किती विश्वास होता याचा याहून मोठा पुरावा मागण्याची गरज नाही.

हे काम कसे घडते, याचे उत्तर रसमीमांसक भट्टनायकाने ‘साधारणीकरण’ या कल्पनेने दिले. रसिकाला रंगभूमीवरचे दुःख ‘माझे’ असे वाटले तर तो रडेल आणि उठून जाईल, ‘त्याचे’ असे वाटले तर तो उदासीन राहील. काव्यातील भाषा आणि नाट्यातील अभिनय त्या दुःखावरील व्यक्तीचे नाव, स्थळ आणि काळ पुसून ते सर्वांचे करतात, आणि मगच ते आस्वादाला येते. त्याआधी श्रीशंकुकाने चित्रातील घोड्याचा दृष्टांत दिला होता: तो खरा घोडा आहे असे कोणी मानत नाही आणि खोटा आहे असेही म्हणत नाही, तो त्या दोन्हींहून निराळ्या ज्ञानाचा विषय असतो. अभिनवगुप्ताने या सामग्रीत वासनेची भर घातली आणि विघ्नावरचा उपायही सांगितला. स्वतःच्या सुखदुःखात अडकलेल्या प्रेक्षकासाठी नाट्यात वाद्ये, गाणे आणि सजवलेला मंडप यांची योजना असते. हे विषय सर्वांना सारखेच भोग्य असल्याने त्यांच्या योगे हृदय निर्मळ होते आणि अहृदय माणूसही सहृदय बनतो. नांदीपूर्वी वाजणाऱ्या मृदंगाला किंवा चित्रपटगृहातील मंद होत जाणाऱ्या दिव्यांना केवळ सजावट मानणाऱ्यांनी या विधानाचा विचार करावा.

कुमार गंधर्वांचे आयुष्य या संदर्भात लक्षात घेण्यासारखे आहे. क्षयाने आजारी पडून ते १९४८ च्या सुमारास देवासला आले आणि पुढची काही वर्षे त्यांना गाण्याची मनाई होती. गवयाच्या आयुष्यात यापेक्षा कठोर टप्पा कोणता असेल? त्या सक्तीच्या मौनात माळव्यातील स्त्रियांची गाणी आणि निर्गुणी भजने त्यांच्या कानांवर पडत राहिली. आपले दुःख आपल्यापुरते न ठेवता ज्या सुरांवर कोणाचेच नाव नव्हते त्यांच्याकडे त्यांनी कान लावला, आणि बरे झाल्यावर लोकधुनांमधून उगवलेले नवे राग त्यांच्या गाण्यात आले. रोगाने जे घडवले नसते ते श्रवणाने घडवले, आणि रोग नसता तर ते श्रवणही बहुधा त्या एकाग्रतेने झाले नसते.

मूळ विधींकडे परत वळले तर असे दिसते की संस्कार आणि कला यांची फारकत सूत्रकारांना मान्यच नव्हती. सीमंतोन्नयन, म्हणजे गर्भवतीचा भांग वर काढण्याचा विधी, सांगताना आश्वलायन गृह्यसूत्र दोन वीणावादकांना सोमराजाचे गान करण्यास सांगते, आणि ते कुटुंब ज्या नदीच्या काठी राहत असेल तिचे नाव त्या गाण्यात घ्यावे असा नियम घालते. एका स्त्रीच्या पोटातील जीव, वीणेचे सूर आणि गावची नदी यांना एका गाण्यात आणणारी ही योजना काव्यदृष्टीचीच साक्ष देते. मात्र हीच परंपरा दुसरीकडे कमालीची कृपण झाली. मनुस्मृतीने विवाह वगळता स्त्रियांचे संस्कार मंत्रांवाचून करावेत असे ठरवले आणि शूद्रांना तर वेदमंत्रांच्या कक्षेबाहेरच ठेवले. समाजाच्या फार मोठ्या भागाच्या आयुष्यातील टप्पे अशा रीतीने शास्त्रदृष्ट्या मुके राहिले. हा अन्याय आहे आणि त्याला दुसरे नाव देऊ नये.

त्या मुकेपणाला महाराष्ट्रातील स्त्रियांनी दिलेले उत्तर म्हणजे जात्यावरची ओवी. लग्नघरात घाणा भरताना, हळद दळताना, बारशाच्या पाळण्यापाशी, लेकीच्या पाठवणीच्या वेळी ज्या ओव्या आणि गाणी म्हटली गेली, ती मंत्र नाकारलेल्यांनी स्वतः घडवलेली मंत्रसामग्री होती. साने गुरुजींनी ‘स्त्रीजीवन’ मध्ये अशा ओव्या गोळा केल्या. पुढे हेमा राईरकर आणि गी पॉइत्वँ यांच्या पुढाकाराने गावोगावच्या स्त्रियांकडून एक लाखाहून अधिक ओव्या नोंदवल्या गेल्या. त्यांतील भाऊ, माहेर, विठ्ठल आणि सासर ही कोणा एकीची नाहीत. आजच्या पहाटे जी दळते आहे तिच्या स्वतःच्या भावाचे नाव त्या साच्यात बसते आणि ओवी पुन्हा शेजारणीच्या तोंडी जाते. भट्टनायकाने ज्याला साधारणीकरण म्हटले ते येथे पिठाच्या धारेबरोबर रोज घडत होते. मृत्यूच्या बाबतीत वारकऱ्यांनी असेच केले. एरवी सुतकाने जेथे सूर थांबतो तेथे त्यांच्या घरची अंत्ययात्रा टाळमृदंगाच्या साथीने निघते.

आधुनिक काळात विधींचे अर्थ पुसट होत गेले, मंत्र ऐकणाऱ्यांना त्यांची भाषा कळेनाशी झाली, आणि ते काम न सांगता नाटक, पुस्तक व चित्रपट यांच्याकडे आले. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी अण्णासाहेब किर्लोस्करांनी पुण्यात ‘शाकुंतल’ संगीत नाटक म्हणून रंगभूमीवर आणले, तेव्हा पहिले चारच अंक सादर झाले. चौथा अंक शकुंतलेच्या पाठवणीचा आहे, ज्यात अरण्यात राहणाऱ्या विरक्त कण्वालाही आपल्या व्याकुळतेचे नवल वाटते आणि संसारी माणसांचे काय होत असेल असा प्रश्न पडतो. मराठी संगीत रंगभूमीच्या त्या पहिल्या प्रेक्षकांत मुलींचे बाप बसलेले असणार, आणि त्या काळात मुली किती लहान वयात सासरी जात हे ध्यानात घेतले, तर तो प्रयोग त्यांच्या मनात कोठे पोचला असेल याचा अंदाज येतो. शाकुंतलाच्याच पाचव्या अंकात हंसपदिकेचे गाणे ऐकून दुष्यंत कारण नसताना अस्वस्थ होतो, आणि मधुर काही ऐकल्यावर सुखी माणसालाही जे अकारण व्याकुळपण येते ते जन्मांतरीच्या विसरलेल्या स्नेहाचे असावे, असे त्याला वाटते. अभिनवगुप्ताने हे स्थळ आपल्या विवेचनात घेतले यात नवल नाही, कारण स्मरणाविना उरणारा संस्कार म्हणजे काय हे याहून नेमके सांगता येत नाही.

त्याच प्रश्नाला अलीकडच्या काळात सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘अस्तु’ या चित्रपटाने हात घातला. त्यातील डॉ. मोहन आगाशे यांनी उभे केलेले वृद्ध संस्कृत पंडित स्मृतिभ्रंशाने ग्रासलेले आहेत. लेकीच्या नजरेआड ते एका हत्तीच्या मागे चालू लागतात आणि माहुताच्या कुटुंबात पोचतात, जेथे त्यांची भाषा न जाणणारी माहुताची बायको त्यांना मुलासारखे सांभाळते. ज्याने आयुष्यभर संस्कार या शब्दाचे अर्थ शिकवले असतील त्याचे नाव, घर आणि लेकही त्याच्या स्मरणातून गेली, तर तो कोण उरला, हा प्रश्न चित्रपट तत्त्वज्ञानाच्या गांभीर्याने विचारतो. घरात असा वृद्ध असलेल्या माणसाने हा चित्रपट पाहावा की पाहू नये, याचे एकच उत्तर नाही. ज्या आठवड्यात वडील घर विसरले त्या आठवड्यात तो विघ्नच ठरेल, आणि एक वर्षानंतर कदाचित तोच मुलाला वडिलांकडे पुन्हा बघायला शिकवील. रसाला काळ लागतो, ही गोष्ट शास्त्रकारांनी फारशी बोलून दाखवली नाही. भवभूतीने मात्र आपल्या नाटकात बारा वर्षे जाऊ दिली.

एक इशारा येथे विसरता येत नाही. गौतमाने चाळीस संस्कार सांगून झाल्यावर आठ आत्मगुण सांगितले: दया, क्षमा, अनसूया म्हणजे दुसऱ्याच्या गुणांचा मत्सर नसणे, शुचिता, अनायास म्हणजे स्वतःला फार न शिणवणे, मंगल, अकार्पण्य म्हणजे कृपणता नसणे आणि अस्पृहा म्हणजे हाव नसणे. आणि त्याने स्पष्ट बजावले की चाळीसही संस्कार झाले परंतु हे गुण नसले तर ब्रह्माशी सायुज्य, म्हणजे एकरूपता, नाही, उलट थोडेच संस्कार झाले तरी हे गुण असतील तर ते आहे. वाचलेल्या पुस्तकांची आणि पाहिलेल्या चित्रपटांची यादी कितीही लांब असली तरी तिला हाच नियम लावला पाहिजे. रसास्वाद हा ब्रह्मास्वादाचा सहोदर, म्हणजे सख्खा भाऊ, असे साहित्यदर्पणकार विश्वनाथाने म्हटले. परंतु रंगभूमीवरील सीतेसाठी रडून घरी आलेल्याने घरातील सीतेला जाब विचारला, तर त्याच्या बाबतीत भात कांडला गेला असला तरी पुरोडाश झालाच नाही.

आश्वलायन गृह्यसूत्राच्या चौथ्या अध्यायात, घरातील वडीलधारे गेल्यानंतर करावयाचे एक शांतिकर्म आहे. जुना अग्नी घराबाहेर नेऊन टाकायचा, नवा अग्नी घासून उत्पन्न करायचा आणि तो प्रज्वलित ठेवून सर्वांनी रात्र शांत होईपर्यंत त्याच्याभोवती बसायचे. त्या वेळात काय करावे, हेही सूत्रकाराने सांगितले आहे: दीर्घायुषी माणसांच्या गोष्टी सांगाव्यात, मंगल इतिहासपुराणे ऐकवावीत. ज्या रात्री निजदुःखाचे विघ्न सर्वांत मोठे असते त्याच रात्रीसाठी एका विधिग्रंथाने कथाकथन नेमून दिले आहे. मग गावातले आवाज थांबले, जमलेले लोक आपापल्या घरी गेले, की कर्त्याने दाराच्या दक्षिण बाजूपासून निघून, तंतू विणत पुढे जाण्याची ऋचा म्हणत, घराभोवती पाण्याची न तुटणारी धार दाराच्या उत्तर बाजूपर्यंत न्यायची असते.